तळाची हातभर खडी

फसली १३५२, म्हणजे इंग्रजी १९४३, फाल्गुन वद्य तृतीया, सकाळची वेळ. पेवात साठ पल्ले ज्वारी, त्यातली अठ्ठेचाळीस माझी आणि बारा माझ्या थोरल्या बहिणीची. हजर पाच जण होते: मी, बहीण, तिचा दीर, गावातले वाणी अप्पा, आणि माझ्या वडलांच्या वेळी हे पेव ज्यानं खणलं तो वडार म्हातारा. माप अप्पांच्या दुकानातलं. आमच्याकडे पायली चार शेरांची आणि पल्ला तीस पायल्यांचा, म्हणजे एकशेवीस शेरांचा. पुढे जे झालं ते याच मापावर झालं, म्हणून आधी सांगून ठेवतो.

बिदरजवळ कमठाण्याच्या बाजूला आमचं गाव मुरमाच्या उंचवट्यावर आहे. गावाच्या मागच्या माळावर पंधरा-सोळा पेवं आहेत. घरात कानडी बोलणारे त्यांना हगेव म्हणतात. पेव म्हणजे जमिनीत खणलेला रांजण. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट मोठं. आतून कडबा लावायचा, ज्वारी ओतायची, तोंडावर शिळा ठेवून माती थापायची. हवा लागली नाही तर दाणा तीन-चार वर्षं राहतो. पण एकदा शिळा काढली की सगळं पेव रिकामं करावं लागतं. अर्धं काढून अर्धं ठेवता येत नाही.

माझं पेव असं होतं. गळा दोन हात, पोट सहा हात, म्हणजे आठ हातांवर तळ. त्या तळाखाली वडारानं हातभर जाड खडी पसरली होती, सुपारीएवढी, काही लिंबाएवढी. खडीखाली पांढरी चिकण माती. खडीवर कडबा, कडब्यावर दाणा. पेवात अठ्ठेचाळीस पल्ले मावत.

बहिणीचं सांगतो. तिचं सासर चिटगुप्प्याच्या वाटेवर, काळ्या रानातलं. आम्ही सगळी भावंडं तिला अक्का म्हणतो, मी धाकटा म्हणून ती मला तम्मा म्हणते. फसली १३५१ च्या माघात तिचा नवरा गेला. सात महिने अंथरुणाला होता, औषधपाण्याचा खर्च धाकट्या दिरानं केला. मूलबाळ नव्हतं. घरात ती आणि तिची सासू, जिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. सासूनं धाकट्या लेकाकडे जायला नकार दिला होता आणि थोरल्या सुनेच्या चुलीजवळच राहिली होती. दिराला ते लागलं होतं, असं मला वाटतं.

तेव्हा चार माणसांसमोर ठरलं ते असं. खर्चापोटी नवऱ्याच्या वाट्याचं रान दीर तीन पिकं करील, मग ते अक्काच्या नावानं मोकळं होईल. तोवर अक्कानं स्वतःच्या दाण्यावर वेगळी चूल ठेवायची. दिराकडे दाणा मागितला, किंवा माहेरच्या दाण्यावर दिवस काढले, तर वेगळेपणा संपला. मग रान दिराचं, आणि दोघी त्याच्या घरात. अप्पांची त्या गावात सोयरीक, म्हणून तेही बैठकीत होते.

अक्काकडे त्या साली अठरा पल्ले ज्वारी होती, नवऱ्यानं पेरलेलं शेवटचं पीक. दोन माणसं, दिवसाला माणशी एक शेर. सहा पल्ल्यांत तीनशे साठ दिवस जातात. अठरा पल्ल्यांत तीन वर्षं. म्हणजे एक शेर इकडे नाही, एक शेर तिकडे नाही, बरोबर पुरणारा हिशेब होता. तो मीच मांडून दिला होता आणि मला त्याचा आनंद झाला होता.

पहिल्या वर्षाचे सहा पल्ले तिनं घरच्या कणगीत ठेवले. बारा राहिले. काळ्या मातीत पेव होत नाही, ते ओलीनं फुगतं नि फाटतं. म्हणून ती बारा पल्ले गाडीत घालून माझ्याकडे घेऊन आली. माझी स्वतःची ज्वारी त्या साली, वर्षाचं खाणं घरात पोत्यांत ठेवून, बरोबर अठ्ठेचाळीस पल्ले उरली होती.

मी दोरीनं पेव मोजलं. तळाचा घेर घेतला, हातभर उंचीनं गुणलं. खडीनं अडवलेली जागा बारा पल्ल्यांची निघाली. दोनदा करून पाहिलं, बाराच. मला ते देवानं जुळवून दिल्यासारखं वाटलं. खडी काढली की अक्काची ज्वारी मावते.

वडार म्हाताऱ्याला बोलावलं. तो पेवाच्या तोंडाशी उकिडवा बसला आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"खडी काढू नका, अण्णा," तो म्हणाला. "खालची माती लई बारीक हाय. पाणी चढतंय तिच्यातनं."

"पाणी कुठं हाय? माळावरच्या विहिरीत तेरा हातांवर हाय, भर पावसाळ्यात. पेवाचा तळ नऊवर जाईल. चार हात अंतर राहतंय."

"राहू द्या. चढतंय."

"किती हात चढतंय?"

त्यानं डोकं खाजवलं. "त्ये सांगायला येत न्हाई मला. खणताना बगितलंय एवढंच."

किती हात हे ज्याला सांगता येत नाही त्याचं मी का ऐकावं, असं मला वाटलं. तसं मी बोललो नाही, पण त्याला कळलं असावं. त्यानं खडी काढून दिली. बारा आणे रोज ठरला होता, तो घेतला आणि गेला. ती खडी मी गोठ्यासमोर चिखल होतो तिथं टाकून घेतली. तिथं ती अजून आहे. कितीही पाऊस झाला तरी त्या जागी पाय कोरडा राहतो.

मग मी नीटनेटकेपणानं जे केलं ते सांगायला हवं. नुसता तळ उघडा ठेवला नाही. पांढरी माती घेतली, धान्याच्या चाळणीनं चाळली, शेणात कालवली, आणि तळ चोपून आरशासारखा केला. भिंतीलाही दोन हात उंचीपर्यंत तीच माती लिंपली, उंदराला भेग मिळू नये म्हणून. चार दिवस वाळू दिली. अप्पा येऊन बघून गेले. म्हणाले, "सगळं मोजता, आता उंदरांचीही हजेरी लावणार म्हणा." मला ते कौतुक वाटलं.

पेवात दोन घरांचा दाणा असेल तर ज्याचा जपायचा तो तळाला घालतात. नास होतो तो नेहमी तोंडाकडून, शिळेच्या फटीतून पाऊस मुरला तर. तळ म्हणजे तिजोरी. बियाणं तळाला, लेकीच्या लग्नाचं तळाला. म्हणून अक्काची ज्वारी मी तळाला घातली, वर कडब्याचा थर दिला, आणि त्यावर माझी. पहिली पाटी अक्कानं स्वतः ओतली.

"मला तळाला घातलास, तम्मा," ती म्हणाली. "म्हंजे वाढताना मी शेवटी."

मी हसलो. तीही हसली. त्या सबंध वर्षात तिला हसताना मी तेव्हाच पाहिलं.

पावसाळा मोठा झाला. मला काळजी होतीच, म्हणून मी दर पंधरा दिवसांनी विहिरीत दोरी सोडून पाणी मोजत होतो आणि लिहून ठेवत होतो. तेरा, साडेबारा, बारा. भाद्रपदात साडेअकरा. त्याच्या वर आलं नाही. पेवाचा तळ नवावर. अंतर कमीत कमी अडीच हात राहिलं. पाणी खालून वर जात नाही, असं धरून मी निवांत झालो. रोज संध्याकाळी देवापुढच्या समईत तेल वातीतून वर चढून जळत होतं, आणि ते मी रोज बघत होतो. रोज बघितलेल्या गोष्टीचा कुणी हिशेब करत नाही.

आता त्या फाल्गुनातल्या सकाळी येतो. अक्काच्या कणगीत चौदा पायल्या उरल्या होत्या, म्हणून पेव उघडायचं ठरलं. दीर आपणहून आला होता. शिळा सरकवली तेव्हा आतून ऊन वाफ आली. पेवाला एक वास असतोच, तो आमच्या भाकरीलाही असतो, त्याचं काही वाटत नाही. हा वास तो नव्हता. शिंदीच्या मडक्याचा होता. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि उपरणं नाकाला लावलं.

कोंदट हवा जायला वेळ दिला. कंदील सोडला, तो दोनदा विझला, तिसऱ्यांदा राहिला. मग मी उतरलो. वर वडार दोरीनं पाटी ओढत होता, अप्पा पायलीनं मापत होते आणि दीर शेजारी उभा राहून मोजत होता. पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. तसं ते सुरू झालं. लाभ, दोन, तीन.

वरची ज्वारी चांगली निघाली. थोडी पिवळी, पण दाणा टणक. अकरा पल्ले झाले, चौदा झाले. वासाचं मी मनातून काढून टाकलं. तोंडाजवळची वाफ असेल म्हटलं. वर अक्का सुपानं पाखडत होती, तिचा आवाज येत होता.

सतरा पल्ले झाले. अठराव्याला हात घातला तर दाणा सुटा येईना. ढेकूळ आलं. फोडलं तर आतून गरम. पायाखाली भट्टीजवळ उभं राहिल्यासारखं लागत होतं. तशीच पाटी भरून वर पाठवली. वरचं मोजणं थांबलं.

"पाव्हणं," दिराचा आवाज आला, "ह्ये कशात मोजायचं? पायलीत बसंना."

मी ढेकळं भरत राहिलो, ते वर रचत राहिले. कडब्याचा थर लागला तो काळा, शेणासारखा मऊ झालेला. तो बाजूला केला. अक्कानं वरून विचारलं, "तम्मा, माजी लागली का?"

"लागली."

"कशी हाय?"

मी मूठभर घेऊन पाटीत टाकली आणि दोरी हलवली. पाटी वर गेली. मग अक्का म्हणाली, "दुसरी धाड. दुसऱ्या अंगाची धाड." दुसऱ्या बाजूची मूठ धाडली. मग मधली. मधली तर दाणा म्हणून ओळखू येत नव्हती. तिला मोड येऊन ते मोडही कुजले होते.

मी हातानं तळापर्यंत उकरलं. चोपलेली जमीन जशीच्या तशी होती, कुठं भेग नाही, कुठं उंदराचं बीळ नाही. कामात खोट निघाली नाही. फक्त ओली होती. मी पाय दाबून उचलला तर पावलाच्या ठशात हळूहळू चकाकी आली. भिंतीला हात लावला. लिंपण होतं तिथपर्यंत गार नि ओलं, लिंपण संपलं तिथं मुरूम कोरडा. रेघ मारल्यासारखी हद्द होती.

वर आलो. म्हातारा वडार जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "किती हात चढलं, अण्णा?"

तो टोमणा नव्हता. वर्षापूर्वी मी त्याला तो आकडा विचारला होता आणि त्याला देता आला नव्हता. आता मी मोजून आलो असेन, असं त्याला वाटलं. मी सांगितलं, पाण्यापासून तळापर्यंत अडीच, तिथून भिंतीवर आणखी दोन. साडेचार हात. त्याच्या वरचा दाणा पाण्यानं नाही, खालच्या दाण्याच्या उष्म्यानं गेला. त्यानं मान हलवली आणि तो आकडा पाठ करत असल्यासारखे त्याचे ओठ हलले.

साठांतले सतरा पल्ले शाबूत. त्रेचाळीस गेले. त्यातले नऊ बैलांना चालण्यासारखे, चौतीस उकिरड्यावर. अक्काच्या बारांतलं एक शेरही नाही.

दीर म्हणाला, "पाव्हण्याचं गणित पक्कं हाय. दाणंच कच्चं निघालं." मग तो अक्काकडे वळला आणि म्हणाला की बोलण्याप्रमाणे आता वेगळी चूल कशावर चालणार. अप्पांनी मध्ये तोंड घातलं. त्यांचं म्हणणं असं होतं की भावाच्या हातून बहिणीचा दाणा गेला, तो भावानं भरून दिला तर तो माहेरचा होत नाही, तिचाच होतो. दीर तयार नव्हता. अप्पांनी कानडीत त्याला बरंच समजावलं. शेवटी तो म्हणाला, बाराच्या बारा भरले तर ऐकतो, एक पायली कमी चालणार नाही.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी तिथंच उभ्या उभ्या हिशेब केला. तो मी करायला नको होता, पण मला दुसरं काही येत नाही. सतरा शाबूत. नव्या खळ्यावरचे चौदा, त्यातले पाच सरकारी लेव्हीला जाणार, राहतात नऊ. एकूण सव्वीस. घरात नऊ माणसं, वर्षाला सत्तावीस पल्ले लागतात. बारा दिले तर चौदा राहतात. एकशे शहाऐंशी दिवस. पाच दिले तर एकवीस राहतात. दोनशे ऐंशी दिवस, बाकीचे कसेतरी काढता येतील.

"पाच," मी म्हणालो. "बाकीचे सात विकत आणतो."

अक्का सूप उलटं ठेवून बसली होती. ती म्हणाली, "इतका वेळ कामून लागला रे पाच म्हणायला? घरी लेकरं हायेत तुझी. मी काय बारा दे म्हणलं होतं का?"

मला बारा म्हणायचं होतं. ते मी म्हणालो नाही. पुढं कधीही म्हणालो नाही.

अप्पांनी दिराकडून चैत्री पौर्णिमेपर्यंत मुदत घेतली. सत्तावीस दिवस. अक्काच्या कणगीतल्या चौदा पायल्या अठ्ठावीस दिवस पुरणार होत्या, म्हणून त्यानं ती दिली.

लढाईचे दिवस होते. पैसे घेऊन उभं राहिलं तरी ज्वारी मिळत नव्हती. चिटगुप्प्याच्या बाजारात दोनदा गेलो. तिथं शेराच्या मापानं मिळे, तीही माणूस बघून. पल्ल्याची गोष्ट काढली की दुकानदार आत निघून जाई. संतपूरला माझा साडू होता, त्यानं त्याच्या घरात नड असताना दोन पल्ले दिले. म्हणजे सात झाले. पाच राहिले.

शेवटी बिदरला गेलो. तिथंही नव्हती. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून मी ज्यांच्याकडे उर्दू चार इयत्ता शिकलो होतो त्या मास्तरांच्या घरी बसलो. ते आता मोठ्या शाळेत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी सहानुभूती दाखवली नाही, ते बरं झालं. उठून कपाटातून काचेच्या तीन नळ्या आणल्या, दोन्ही तोंडं उघडी. एक बोटाएवढी, एक बोरूएवढी, एक सुईएवढी बारीक. वाटीत पाणी घेऊन त्यात लाल शाई टाकली आणि तिन्ही नळ्या उभ्या धरल्या.

बोटाएवढ्या नळीत पाणी वाटीतल्याइतकंच राहिलं. बोरूएवढीत थोडं वर. बारीक नळीत ते आपणहून चढलं, चार बोटं वर जाऊन थांबलं. कुणी ओढलं नाही, कुणी ढकललं नाही.

मास्तर म्हणाले की पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात, पण काचेला ते त्याहून जास्त धरतात. कडेचं पाणी काचेला चिकटून वर सरकतं आणि मधल्याला हात धरून घेऊन जातं. वर गेलेल्या पाण्याचं वजन त्या धरण्याच्या बरोबरीला आलं की चढणं थांबतं. रुंद नळीत वजन फार आणि काच कमी. बारीक नळीत काच फार आणि वजन थोडं. नळी निम्मी केली की चढण दुप्पट. मग त्यांनी बारीक नळीतलं पाणी फुंकून काढलं, ती तापवून आतून वितळलेल्या मेणाचा पातळ थर दिला आणि पुन्हा बुडवली. पाणी चढलं नाहीच, उलट वाटीतल्यापेक्षा खाली राहिलं. मेणाला पाणी धरत नाही, म्हणाले.

मी विचारलं, "मातीत?"

"माती म्हणजे नळ्याच. दोन कणांमधली फट ही नळी. तू चाळून घेतलीस ना?"

"घेतली."

"मग तू नळ्या आणखी बारीक केल्यास. त्या मातीतून पाणी माणसाच्या डोक्यावर जाईल."

मी खडीचं विचारलं. सुपारीएवढ्या खड्यांच्या मधल्या फटीत पाणी किती चढेल. त्यांनी पेन्सिलीनं आकडे मांडले आणि सांगितलं, गव्हाच्या दाण्याएवढंही नाही. मी पुन्हा विचारलं, हातभर खडी लागतेच का. ते म्हणाले, हातभर कशाला, माती आणि दाणा एकमेकांना शिवणार नाहीत एवढी पुरे. चार बोटं बस झाली.

हात म्हणजे चोवीस बोटं. हातभर खडीनं बारा पल्ल्यांची जागा घेतली होती. चार बोटांनी दोन पल्ल्यांची घेतली असती. चार बोटं ठेवून बाकी खडी काढली असती तर दहा पल्ले मावले असते. दोन पल्ले मी घरात पोत्यात ठेवू शकलो असतो, घरातल्या पोत्यांशेजारी. हे गणित मी बिदरहून येताना गाडीत केलं. त्यानंतर ते किती वेळा केलं याची नोंद नाही. उत्तर तेच येतं.

अक्काला मी हे सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हंजे त्या म्हाताऱ्याला ठावं होतं."

"ठावं होतं. आकडा येत नव्हता."

"तुला आकडे येत होते," ती म्हणाली. रागानं नाही. कणगी झाडता झाडता म्हणाली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवसापर्यंत माझ्याकडे सात पल्ले होते. अप्पांनी दिराला सात घेऊन थांबायला सांगून पाहिलं, म्हणाले बाकीचे पाच पुढच्या खळ्यावर. दीर म्हणाला की बोलणं बाराचं होतं. त्यात तो खोटा नव्हता. मी बैल विकायचं म्हणालो, तर अप्पाच म्हणाले, बैल विकून पैसे येतील, दाणा कुठून आणणार. अक्कानं तो वाद थांबवला. साडूचे दोन पल्ले परत करायला सांगितले, त्याच्याही घरात माणसं आहेत म्हणून. मी ते संतपूरला नेऊन पोचवले.

पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे शेवटी फक्त माप राहील. सासू त्याच पावसाळ्यात गेली. दिराच्या घरात तिला अंदाजानं वावरता येईना, दारं वेगळ्या जागी होती. अक्का अजून तिथं आहे. दळण, गोठा आणि चूल तिच्याकडे. रान दीर करतो, पीक चांगलं येतं. तिला कुणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही. मी गेलो की ती भाकरी वाढते, पण वाढण्याआधी जावेकडे बघते. वडार म्हातारा दोन वर्षांनी वारला. आमचं पेव तसंच मोकळं आहे. खडी परत घालायला फार तर दोन दिवस लागतील, पण ती मी घातलेली नाही.

चैत्र शुद्ध पौर्णिमेला मी पाच पल्ले गाडीत घालून अक्काच्या गावी नेले. पाच मी कबूल केले होते, ते चुकवायचे नव्हते. मला ते तिच्या हातात द्यायचे होते. पण आदल्या सांजेला तिनं चूल बंद केली होती, आणि चूल नसलेल्या बाईच्या हातात दाणा द्यायचा कसा, असं दीर म्हणाला. त्याच्या घरात दोन खाणारी वाढली होती, तेव्हा दाणा त्याच्या घरात यायचा. म्हातारी सासू ओट्यावर बसली होती, तिनं विचारलं कोण आलंय. दिरानं पायली आणली. आतून अक्का आली ती पोती आत घ्यायला, कारण ते काम आता तिचं होतं. ती माप भरून भरून कणगीत ओतत होती आणि दीर मोजत होता, लाभ, दोन, तीन.

दीडशे पायल्या भरल्या. पाच पल्ले ज्वारी, बहिणीच्या दिराच्या हाती, पोचली. बहिणीच्या हाती काही नाही.